तातयला पुरायला जागा लागते किती?

...आणि वर मलाच विचारतात, "रुफो, तू ओरडलासच कशाला?" अरे, कशाला काय कशाला! तुम्ही असता माझ्या जागी तर काय केलं असतं? तुम्हाला सांगतो, बापाची कबर खणत होतो हो मी, विहीर नव्हे! माणूस मेला की पुरायचा, यात अवघड काय आहे? जागा लागते किती? सहा फूट लांब, सहा फूट खोल, आणि रुंदीचं तर बोलूच नका, शेवटी शेवटी तातय, म्हणजे आमचा बाप, इतका वाळला होता की पेटीत अजून एक जण आरामात मावला असता. सहा फूट! अख्ख्या बुतुआन शहरात माझ्या बापाला सहा फूट मिळू नयेत?

आता तातयचं सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल. एन्सियो नाव त्याचं. चाळीस वर्षं या माणसानं जमीन खणली. शेती? छे! सोनं! आमच्या तरुणपणी काय, त्याच्या तरुणपणी काय, नदीकाठच्या या गावात ज्याच्या हातात लोखंडी सळई नाही तो पुरुषच नाही अशी परिस्थिती. सळई जमिनीत खुपसायची, कान लावायचा, टण्ण आवाज आला की खणायचं. का? तर हजार वर्षांपूर्वी आमचे पूर्वज म्हणे सोन्याचे कमरपट्टे घालून चिनी जहाजांशी व्यापार करत होते! करत असतील. मीही तेच सांगतो हो रोज! तीनचाकी चालवतो मी, पाहुण्यांना जुन्या बोटींच्या संग्रहालयात नेतो आणि सांगतो, "साहेब, आपण राजे होतो." साहेब मान डोलावतात आणि वर बघतात, कारण माझ्या तीनचाकीचं छप्पर गळत असतं.

तर चाळीस वर्षांत तातयला मिळालं काय? दोन फुटके वाडगे, एक डुकराचा जबडा आणि कंबरदुखी. बस्स. "एक दिवस मी ओरडणार," असं म्हणायचा तो. "सापडलं, असं ओरडणार, आणि अख्खं गाव धावत येणार." कधी ओरडला नाही बिचारा.

आणि मरताना मागितलं काय? सोनं नाही, चांदी नाही. "मला इकिंगजवळ ठेवा." इकिंग म्हणजे माझा धाकटा भाऊ. सातव्या वर्षी पुरात गेला. आगुसान नदी शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आली होती त्या वर्षी... जाऊ दे. गावाच्या जुन्या स्मशानात, चिंचेखाली, त्याला पुरलाय. त्या दिवशी तातय खड्ड्याच्या काठावर खोरं घेऊन उभा होता आणि त्याला खणता येईना. चाळीस वर्षं खणणारा माणूस! शेवटी दुसऱ्यांनी खणलं. तर शेजारी सहा फूट. एवढंच मागणं. नानयनं, म्हणजे आमच्या आईनं, त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला.

आमच्यात मयत आठवडाभर घरी ठेवतात, म्हणून तातय गेल्यावर सहाव्या दिवशी बांतोयला घेऊन गेलो. बांतोय म्हणजे गावाचा खड्डेवाला, अर्धा बहिरा, पण हात सरळ. पाच फुटांवर खोरं लागलं लाकडाला. मला वाटलं कुणाची तरी जुनी पेटी. बांतोय म्हणतो, "पेटी नाही, लांब आहे. फळीवर फळी. लाकडाच्या खुंट्या आहेत." मी खाली उतरलो, हातानं चिखल पुसला... आणि काळी कुळकुळीत फळी, गुळगुळीत, गार, थेट संग्रहालयात काचेमागे जुन्या बोटीची आहे ना, तशीच! आता शहाण्या माणसानं काय करावं? माती लोटावी, दोन फूट बाजूला सरकावं, दुपारी बाप पुरून मोकळं व्हावं! बांतोयसुद्धा म्हणाला, "बुजवू का?" आणि मी... तुम्हाला सांगतो, माझं तोंड माझं राहिलंच नाही. पोटातून आलं ते. "सापडलंऽऽऽ!"

झालं! धावलं की हो अख्खं गाव! ज्या म्हाताऱ्याला आठ दिवस अंथरुणातून उठता येत नव्हतं तो सळई घेऊन पहिला! तातयचं खरं झालं, फक्त तातय घरी पेटीत पडलेला. संध्याकाळपर्यंत पोलीस आले, दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या डॉक्टर एल्विरा मॅडम आल्या, पिवळी फीत लावली, आणि म्हणतात, "दोनच दिवस थांबा हं."

दोन दिवस! इकडे घरी मेलेला माणूस आहे हो! प्रेत टिकवायला मसाला भरणाऱ्यानं दहा दिवसांची हमी दिलेली, त्यातले सात उडाले. आणि आमची तिया पासिंग, तातयची बहीण, ती केरसुणीवर बसून राहिलेली. अगदी खरोखर बसलेली! का, तर घरात प्रेत असेपर्यंत केर काढायचा नाही. "झाडलंस तर मागोमाग दुसरा जाईल. कोण जाऊ दे सांग? नानय?" आणि येणारे लोक तर येतच राहतात, पत्ते कुटतात, शेंगदाणे खातात, टरफलं खाली. दहाव्या दिवशी घोट्यापर्यंत टरफलं! पेटीकडे जायचं तर कर्रऽकर्रऽ करत जायचं. तातय जिवंत असता तर म्हणाला असता, इथंही खणून बघा.

मग मॅडम घरी आल्या. बाई चांगली हो, खोटं कशाला बोलू? बुटांतला चिखलसुद्धा दारात काढला. म्हणाल्या, "बोट हजार वर्षं ओल्या चिखलात होती, आता वाळली तर भुगा होईल. ओली ठेवावी लागेल." म्हटलं, मॅडम, माझ्याकडे उलटं आहे, माझा बाप ओला झाला तर संपलं! त्या हसल्या नाहीत. मीही नाही. मग त्यांनी नानयला विचारलं, "तुमच्या ह्यांना खणताना कधी अशा फळ्या मिळाल्या होत्या का?" नानय एकदम खूश! इतक्या दिवसांत कुणी तिच्या नवऱ्याचं कौतुकानं विचारलंच नव्हतं ना. "अगं बाई, पुष्कळ! एकदा तर एवढी लांब, चार माणसांनी ओढून काढली. सोनं नव्हतं म्हणून टाकून दिली. मी म्हटलं फुकट कशाला घालवा? वाळवल्या आणि चुलीत घातल्या. धूर फार व्हायचा, पण भात शिजला. याच्या बारशाला तेच जळण होतं." आणि माझ्याकडे बोट! मॅडम हळूच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "किती... किती फळ्या?" नानय बोटं मोजायला लागली तशी मीच कॉफी आणायला उठलो.

पण सहा फूट? सहा फुटांचं काय? "अजून चार दिवस."

तेवढ्यात आमचे काप्तान मोदेस्तो, म्हणजे गावाचे मुखिया, उगवले. मे महिना, बोटींचा उत्सव तोंडावर, आणि यांच्या अंगात आलं. दारात शोकाचा फ्लेक्स लावला. तातयचा फोटो टपाल तिकिटाएवढा आणि काप्तानाचं थोबाड दारापेक्षा मोठं, दात काढून! येणारे लोक आधी त्यांनाच हात जोडायचे. मला मिठी मारून म्हणतात, "रुफो, तुझ्या बापानं मरून गावाचं नाव काढलं! मिरवणूक थेट स्मशानात नेतो. पोरी नाचतील, पुठ्ठ्याचे सोनेरी मुकुट, ढोल, सगळं!" मी म्हटलं, काप्तान, आणि बाप? "त्याला कुठं घाई आहे?" असं म्हणाले आणि दाराशी उभे राहिले, मी फाटकापर्यंत सोडायला येईन म्हणून. आता आमच्यात मयताच्या घरून कुणालाही सोडायला जायचं नाही, आभार मानायचे नाहीत. गावाचा मुखिया, त्याला माहीत नको? पाच मिनिटं उभे! मी जागचा हललो नाही. त्या एकवीस दिवसांतला माझा तेवढाच आनंद.

हो, एकवीस दिवस. ऐकताय ना? उत्सव झाला. नदीत बोटींच्या शर्यती झाल्या. कुंपणाबाहेर पोरी नाचल्या, पाहुण्यांनी फोटो काढले, काप्तानांनी भाषण केलं, "आपले पूर्वज समुद्राला घाबरले नाहीत!" आणि आमचा एक पूर्वज घरात पंख्याखाली, तिसऱ्यांदा मसाला भरून. चेहरा ओळखू येईना. नानय मात्र रोज केस विंचरायची त्याचे. एका सकाळी तिनं कंगवा खाली ठेवला आणि म्हणाली, "रुफो, हा आता दमला रे." मी बाहेर जाऊन तीनचाकीत बसलो आणि ढसाढसा रडलो. माझ्याच ओरडण्यानं झालं होतं हो हे सगळं.

त्याच दिवशी मॅडम आल्या. कागद वाचून दाखवला. चिंचेखालची सगळी जमीन राखीव. आता तिथं कुणालाही पुरायचं नाही. आणि जे पुरलेत... तेही हलवायचे. बोट इकिंगच्या खालून पुढं गेली होती. आमचं पोर अडतीस वर्षं बोटीवर झोपलं होतं, आणि आम्हाला पत्ताच नाही!

मॅडमनी त्याला स्वतः काढला. मजूर लावले नाहीत. गुडघ्यावर बसून, ब्रशनं, एकेक करत, दोन दिवस. मग लाकडाची एक छोटी पेटी आणून नानयच्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "सगळा आहे, आजी. काहीही मागं राहिलं नाही." नानयनं झाकण उघडलं. बघतच राहिली. आणि म्हणाली, "एवढासाच होता?"

काय सांगू तुम्हाला. तिच्या मनात तो वाढतच होता ना दरवर्षी.

मग काय, शहराच्या मोठ्या स्मशानात गेलो. तिथं जमीनच नाही. सिमेंटचे कप्पे, एकावर एक, कपाटाच्या खणांसारखे. खालचे तिन्ही भरलेले. चौथ्या रांगेत एक रिकामा. खोली सहा फूट, लांबी म्हणा हवं तर. जन्मभर खाली खाली गेलेला माणूस, त्याला सहा जणांनी शिडीवरून वर चढवला. पेटी आत सरकवण्याआधी तिच्यातच, तातयच्या कुशीला, इकिंगची छोटी पेटी ठेवली. बसली. नेमकी बसली. सांगितलं ना, जागा होती. तिया पासिंगनं घरी येऊन पहिल्यांदा केर काढला, चार पोती निघाली.

बोटीला आता नवीन दालन आहे. थंड हवा, पाण्याची टाकी, दोन पहारेकरी. तातयच्या कप्प्याला पाच वर्षांचा भाडेकरार. मी पाहुण्यांना तिथं नेतो, सांगतो, "साहेब, आपण राजे होतो."

आणि एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, सगळं गाव मेणबत्त्या आणि डबे घेऊन स्मशानात बसतं तेव्हा, मी शिडी लावून वर चढतो. नानयला उंचीची भीती, ती खाली उभी. तिथून ओरडते, "इकिंग, तातयला लाथा मारू नकोस रे, झोपू दे त्याला!" आजूबाजूचे लोक हसतात. मीही हसतो, आणि मग मला शिडीच्या पायऱ्या नीट दिसत नाहीत.

परवा खाली उतरलो तर विचारते, "वरच्या पाचव्यात कोण आहे रे?"

म्हटलं, "कुणी नाही."

"मग तो माझा. बोलून ठेव."

म्हटलं, "नानय, अगं, तुला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर घेरी येते!"

तर म्हणते कशी, "मला कुठं चढायचंय? तुम्ही चढवणार!"

बोलून ठेवलाय. काय करणार?