सकुबाईची गाडी

मुरबाड स्टँडवर कल्याणच्या गाडीसाठी शालन रांगेत उभी होती. मागे कुणी तरुण एका म्हातारीला दबक्या आवाजात समजावत होता.

"सकुबाय आजी, कोर्टात साक्ष होईपर्यंत मी पोलीस हाय हे कुणाला कळता कामा नये."

"नाय सांगत, पोलीसदादा."

"हळू बोला! खुन्याची माणसं तुमच्या मागावर हायत."

"असू दे. मी पायलं ते सांगनारच."

तेवढ्यात जीपमधून दोघे उतरले. त्यांनी शालनलाच विचारलं, "वैशाखरे गावची कुणी सकुबाई दिसली का?"

शालननं मागे वळून न बघता उत्तर दिलं.

"ती मगाशीच शहापूरच्या गाडीनं गेली."

"नक्की?"

"नक्की," मागून म्हातारीच म्हणाली. "मीच तिला चढवली."

जीप शहापूरच्या रस्त्याला लागली. पोलिसाला दरदरून घाम फुटला होता. म्हातारीनं तो पदरानं पुसला.