तीन दिवस पनीर

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं. जयपूरला नोकरी करणारा माणूस वर्षातून एकदा तीन दिवस डोंबिवलीला येतो, तो कशासाठी? आमच्या स्टेशनजवळच्या मालवणी हॉटेलातल्या सुरमईसाठी.

गुरुवारी आलो. सगळे तिथेच जेवायला गेलेलो, तर बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "आज माझा गुरुवार आहे रे."

म्हटलं, तुम्ही व्हेज घ्या, मी सुरमई घेतो.

आई म्हणाली, "एका टेबलावर? त्यांच्या नाकासमोर?"

खाल्लं पनीर. शुक्रवारी आईचा देवीचा वार निघाला. परत पनीर.

शनिवारी घरच्यांना टाळून मंग्याला गाठलं. हा माझा शाळेतला मित्र, दुसऱ्यांच्या डब्यातली कोंबडी पळवणारा. त्याने ज्या हॉटेलात बोलावलं, त्याच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी'.

"लग्नापासून मारुतीचा शनिवार धरतो रे," मंग्या म्हणाला. "पण तू घाबरू नकोस, इथलं पनीर एक नंबर असतं."

सोमवारी ऑफिस, म्हणून रविवारी सकाळच्या विमानाने परत. दुपारी जयपूरच्या खोलीवर पोचून फोन बघतो, तर घरच्या ग्रुपवर फोटो. तेच मालवणी हॉटेल, ताटाताटात सुरमई, आणि आईबाबांच्या मधे दात काढून बसलेला मंग्या.

खाली आईने लिहिलेलं, "तुझी खूप आठवण आली."

तडक फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर मलाच विचारलं, "पण रविवारी कोण जातं रे घरून?"