दोराच्या दुसऱ्या टोकाचा आवाज

या, पुढे सरका. मागे भिंतीला टेकलेल्या मंडळींनीही जरा पुढे यावं, कारण आज मला मोठ्यानं बोलायचं नाही. आजची गोष्ट मोठ्यानं सांगायची गोष्टच नाही.

आधी एक प्रश्न विचारतो. आपण इथं बसतो, टाळ कुटतो, घसा कोरडा पडेस्तोवर गातो. समोर मूर्ती. ती हलत नाही, बोलत नाही, वाहवा म्हणत नाही. मग ज्याच्यासाठी गायचं, तो ऐकतोय की नाही हेच जर कळत नसेल, तर माणसानं गावं का?

पखवाजवाले अण्णा मान हलवतायत. त्यांना वाटतं गावं. अण्णा, तुम्हाला बिदागी मिळते, तुमचं मत मी धरत नाही.

हसलात, बरं झालं. पुढे हसायला फारसं नाही. ऐका.

सोलापूरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेजवळ खडकेवाडी नावाचं गाव. पन्नासेक वर्षं झाली असतील. तिथं वडारांची एक टोळी विहिरी खोदायची. त्या टोळीचा म्होरक्या यल्लप्पा. चाळिशीचा गडी, खांदे दाराएवढे. त्याचा धाकटा भाऊ दुर्गप्पा. दोघांत पंधरा वर्षांचं अंतर. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकटा पाच वर्षांचा होता. यल्लप्पानं त्याला खांद्यावर बसवून कामावर नेलं, आपल्या ताटात जेवू घातलं, आणि गाणं शिकवलं.

आता विहीर खोदताना गाणं कशाला, असं कुणी विचारील. मंडळी, विहिरीच्या काठावर यारी असते. यारी म्हणजे उभे खांब, वर चाक, चाकावरून दोर. खाली फोडलेला धोंडा दोराला बांधायचा आणि वर आठजणांनी ओढायचा. आठजणांचे सोळा हात. ते एकाच क्षणी ओढले पाहिजेत. एकानं आधी, दुसऱ्यानं मागून ओढला, की धोंडा झोके खातो, भिंतीला आपटतो. म्हणून एकजण गाण्याची ओळ म्हणतो, बाकीचे झील धरतात, म्हणजे मागून साथ देतात, आणि झिलीच्या ठेक्यावर दोर येतो. यल्लप्पा म्हणायचा,

काळ्या धोंड्याची सोड रं माया

आणि पाच वर्षांचा दुर्गप्पा, नाक पुसत, सगळ्यांच्या वरच्या आवाजात,

हैय्या रं हैय्या

खाली पान्याची गार रं काया

हैय्या रं हैय्या

असं, कडव्यामागून कडवं, वीस वर्षं चाललं. उन्हात माणसं करपून जायची, हाताची सालं निघायची, पण गाणं सुरू झालं की दोर हलका व्हायचा. दोर काही हलका होत नाही हो. माणूस जड राहत नाही, एवढंच.

मग बिघडलं कुठं? एका मळ्यात विहिरीला पाणी लागलं. मालकानं गोडाचं जेवण घातलं. जेवणं झाल्यावर चार लोकांत मालक म्हणाला, ‘यल्लप्पा, तू आता बस. धाकट्याला म्हणू दे. त्याच्या आवाजात गोडी आहे. तुझा आवाज म्हणजे जातं फिरल्यासारखा.’ लोक हसले. दुर्गप्पा गायला, आणि खरोखरच गोड गायला.

यल्लप्पाही हसला. वरून. आत मात्र काहीतरी मोडलं. ज्याला नाक पुसायला शिकवलं, त्याच्या मागं बसून आपण झील धरायची?

दुसऱ्या दिवशी यारीवर दुर्गप्पा म्हणाला, ‘दादा, म्हन की.’

‘तुझा आवाज गोड हाय. तूच म्हन.’

‘तुझ्या म्होरं मी कसा म्हनू?’

‘काल म्हनलास की.’

एवढंच. त्यानंतर यल्लप्पा गायला नाही. आणि दादा गात नाही म्हणून दुर्गप्पाही गायला नाही. पुढे बोलणंही तुटलं. एका दोराला दोघं, एका पालात चूल, आणि मधे शब्द नाही. ‘नागम्मा, तुझ्या नवऱ्याला सांग, उद्या सुरुंग लावायचाय.’ नागम्मा म्हणजे दुर्गप्पाची बायको. नवरा चार हातांवर बसलेला असायचा. तिनं वळून सांगायचं, ‘भावजी म्हनत्यात, उद्या सुरुंग हाय.’

आपल्याकडेही असली घरं आहेत. ‘बाळ्या, तुझ्या बापाला म्हणावं, चहा निवतोय.’ बाप समोर पेपर वाचतोय. कोण मान खाली घालतंय ते मला इथून दिसतंय, पण मी नाव घेणार नाही.

किती दिवस चाललं हे? चार वर्षं. टोळी मुक्यानं काम करायची. धोंडे तेवढेच, माणसं तीच, पण दिवस संपता संपत नसे. दोघे गडी कंटाळून दुसऱ्या टोळीत गेले. जाताना म्हणाले, ‘कामाचं काय न्हाई, यल्लप्पा. पर हितं मयतावानी वाटतं.’

आता त्या दिवसावर येतो. खडकेवाडीच्या माळावर विहीर चालली होती. तीस हात खोल गेली होती. आदल्या दिवशी सुरुंग उडवला होता. सकाळी सुटा दगड किती, भिंत कुठं फुगलीय, हे बघायला एकानं आधी उतरायचं असतं. यल्लप्पा नेहमी स्वतः उतरायचा. त्या दिवशी त्याच्या गुडघ्याला सूज होती. तो काठावर बसून पायाला फडकं बांधत होता, तेवढ्यात दुर्गप्पानं काही न बोलता पहार उचलली आणि उतरला.

‘भिंतीकडनं जपून जा’ एवढं वाक्य यल्लप्पाच्या ओठांवर आलं होतं. आलं होतं, मंडळी. त्यानं नागम्माकडं बघितलं, तिच्या तोंडून सांगावं म्हणून. ती लांब भाकरी थापत होती. सांगायचं राहिलं.

आणि पूर्वेची भिंत खाली आली.

आवाज झाला, धूळ वर आली. धूळ बसली तेव्हा तळ दिसत नव्हता, नुसती दगडांची रास. सगळे ओरडायला लागले. यल्लप्पा ओरडला नाही. तो काठावर पालथा पडून खाली कान देऊन राहिला. आणि राशीच्या आतून, लांबून आल्यासारखा आवाज आला, ‘दादा.’

चार वर्षांनी ऐकलेला पहिला शब्द.

एक मोठा धोंडा तिरका अडकला होता आणि त्याच्या खाली पोकळीत दुर्गप्पा होता. कमरेखालचा भाग दाबला गेला होता. वरचे दगड एकेक करून उचलायचे, दुसरा मार्ग नाही. गावातून माणसं धावत आली. ज्याला जागा मिळाली त्यानं दोर धरला. दोन गडी खाली उतरले, त्यांनी पहिला दगड बांधला, आणि वरच्यांनी ओढला, ज्याला जसं सुचलं तसं. दगड झोका खाऊन भिंतीला आदळला. मुरूम ढासळला. आतून किंकाळी आली.

सगळ्यांनी दोर जागीच रोखून धरला. आता ओढावं तरी भीती, न ओढावं तरी मरण.

नागम्मा यल्लप्पासमोर येऊन उभी राहिली. हाताला पीठ तसंच. म्हणाली, ‘भावजी, म्हना.’

‘काय म्हनू?’

‘तुमचं तुमाला ठावं हाय. म्हना.’

यल्लप्पानं तोंड उघडलं. आवाज येईना. गंज चढला होता घशाला. त्याला मालकाचं ते बोलणं आठवलं, लोकांचं हसू आठवलं. बघा माणसाचं मन, भाऊ दगडाखाली आहे आणि याला अजून ते हसू आठवतंय. त्यानं डोळे मिटले आणि फाटक्या आवाजात म्हटलं,

काळ्या धोंड्याची सोड रं माया

वर कुणी झील धरली नाही. गावकऱ्यांना ते गाणं ठाऊक नव्हतं, आणि टोळीतल्यांनी चार वर्षांत झील धरली नव्हती. आणि मग खालून, दगडांच्या फटीतून,

हैय्या रं हैय्या

तोच गोड आवाज. दबलेला, पण ठेक्यात.

मग काय झालं म्हणता? सगळे हात एक झाले. धोंडा सरळ, जराही न झुलता वर आला. मग दुसरा. मग तिसरा. यल्लप्पा ओळ म्हणायचा, खालून झील यायची, तिच्यावर दोर यायचा. ज्यांनी जन्मात दोर धरला नव्हता ते शिंपी, गुरव, शाळेचे मास्तर, सगळे त्या ठेक्यात आले. सुजलेला गुडघा यल्लप्पाच्या ध्यानातही नव्हता. नऊला सुरुवात झाली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तीसेक धोंडे निघाले होते. एकाही दगडानं भिंतीला स्पर्श केला नाही.

पण खालचा आवाज बारीक होत चालला. आधी ‘हैय्या रं हैय्या’. मग नुसतं ‘हैय्या’. बाराच्या सुमाराला तेही थांबलं.

यल्लप्पा ओळ म्हणून थांबला. कान दिला. काही नाही. पुन्हा ओळ म्हटली. काही नाही. तो खाली बसला. ‘गेला,’ म्हणाला.

नागम्मा म्हणाली, ‘थांबू नका.’

‘अगं, त्यो ऐकत न्हाई आता.’

‘तुमी खाली जाऊन बघितलं काय? म्हना तुमी.’

तेव्हा यल्लप्पा उठला आणि आणखी एक तास गायला. आता झील वरच्या माणसांनी धरली, रडत, बेसूर. ओळ त्याची. कुणासाठी म्हणतोय ते कळत नव्हतं. मुक्या दगडांच्या राशीला तो गाणं ऐकवत होता. मंडळी, मघाशी मी विचारलं ना तुम्हाला, ऐकतोय की नाही कळत नसेल तर गावं का? हाच तो माणूस. त्याला विचारा.

एकच्या सुमाराला शेवटचा धोंडा निघाला. दुर्गप्पा जिवंत होता. खाटेला बांधून त्याला वर घेतलं, बाभळीच्या सावलीत ठेवलं. कमरेखाली काही शाबूत उरलं नव्हतं. गावात मोटार नव्हती, बैलगाडी जुंपायला माणूस धावला. यल्लप्पानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावरची माती पुसली.

दुर्गप्पानं डोळे उघडले. म्हणाला, ‘दादा, शेवटाला दुसरं कडवं गाळलंस.’

‘इसरलो रं. चार वरसं झाली.’

‘मी म्हनलो की ते. तुला ऐकू न्हाई आलं व्हय?’

यल्लप्पानं नाही म्हणून मान हलवली.

‘सगळं म्हनलो मी,’ दुर्गप्पा म्हणाला. ‘तुझी ओळ यायची. मी म्हनायचो. आवाज वर पोचत नसंल.’

तालुक्याच्या गावी पोचायच्या आधी, ओढ्याच्या उतारावर, तो गाडीत गेला. डोकं थोरल्याच्या मांडीवर होतं.

मातीआड केल्यावर नागम्मा यल्लप्पाला म्हणाली, ‘भावजी, शेवटाला गायलात ते लई चांगलं केलं. त्याला एकटं न्हाई वाटलं. पर रोज भाकरी खाताना त्यो तुमच्या तोंडाकडं बघायचा. ते तुमी कवाच बघितलं न्हाई.’

ती दुष्टपणानं बोलली नाही. जे होतं ते तिनं सांगितलं. यल्लप्पानं ऐकून घेतलं. चार तास गायला तो. चार वर्षं हातात होती.

दहाव्याच्या नंतर टोळी पुन्हा त्याच यारीवर उभी राहिली. विहीर अर्धी टाकता येत नाही. यल्लप्पानं ओळ म्हटली. सगळ्यांनी झील धरली, दोर सरळ आला. अडतिसाव्या हाताला पाणी लागलं. गोड पाणी. गाव ओंजळी भरभरून प्यालं. यल्लप्पानं त्या विहिरीचं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. पण गाणं सोडलं नाही त्यानं. म्हातारा झाला, दोर सुटला, तरी काठावर बसून टोळीला ओळ द्यायचा. कुणी म्हणायचं, ‘आजोबा, दमलात, पुरे आता.’ तर म्हणायचा, ‘आवाज खालपातूर जातो रं. मला ठावं हाय.’

तर मंडळी, गावं का, याचं उत्तर हे. देव उत्तर देत नाही असं आपण म्हणतो. आपण काठावर बसलोय, तो खोल आहे. तो दुसरं कडवं म्हणतही असेल. आपल्याला कुठं सगळं ऐकू येतं?

पण देवाचं सोडा. देव कुठं जात नाही, तो वाट बघेल. माणूस वाट बघत असतो तेव्हा त्याला तेवढा वेळ नसतो. या मंडपात दोन सख्खे भाऊ आहेत. एक उजव्या खांबाशी, एक डाव्या. एकानं टाळ घेतला म्हणून दुसऱ्यानं खाली ठेवला, हे मी पहिल्या अभंगाला बघितलं. कारण मला ठाऊक नाही आणि मला ते विचारायचंही नाही. काहीतरी असेलच. यल्लप्पालाही कारण होतं.

आरतीचं तबक तयार आहे, दिवे लावलेले आहेत. पण मी आरती सुरू करणार नाही. पुजारीबुवा, रागावू नका, थोडं तेल जळेल. जो मघाशी टाळ खाली ठेवून बसला, त्यानं तो उचलावा आणि उठून पलीकडच्या खांबाशी जाऊन बसावं. बोलायची गरज नाही. आरतीची पहिली ओळ भावाजवळ बसून म्हणावी.

आम्ही थांबलोय.