हेब्डनबाईंकडचा हातमोजा

“हॅलो?… लेटी, तू? थांब, थांब… जेवणाच्या टेबलावर आहे मी. बाहेर येते.”

‘फोन आला तर दाराबाहेर जायचं, ऑनर; आणि खोटं बोलायचं असेल तर त्याहूनही लांब,’ असं राजकुमारी थिओडोरांनी सव्वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांची पत्रं लिहिणारी, प्रत्येक समारंभाला दोन पावलं मागं चालणारी ऑनर तेव्हापासून फोनसाठी दोन दारं ओलांडायची. आज एकच पुरलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. कुणी साखर सोडतं, कुणी लोणी. ऑनरनं यंदा खोटं बोलणं सोडलं होतं.

“हं, बोल आता. आणि हळू बोल गं, मला नीट ऐकू येतं… हो, तुमच्या स्कारविकपासून बारा मैलांवरच आहोत. सकाळी इस्पितळाची नवी इमारत उघडली… अगं, कशाची झोकात! पाटीवरचा पडदा अडकला. राजकुमारींनी दोरी ओढली, तर पाटी झाकलेलीच आणि पडद्याची दांडी हातात… रागावतायत कसल्या? म्हणाल्या, ‘ही दांडी उघडी झाल्याचं मी जाहीर करते.’ महापौरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या… हो ना!… बरं, तू काही आमच्या दांडीची चौकशी करायला फोन केला नाहीस. काय झालं?

“कोण?… हेब्डनबाई?… तुमच्या बंदरावरच्या, जाळी विणायच्या त्या? हो, आठवतात की. लाइफबोटीच्या शेडच्या उद्घाटनाला रांगेत शेवटी उभ्या होत्या… त्यांचं काय?

“काय?… राजकुमारी त्यांच्याकडे चहाला? आज? तीन वाजता?… लेटी, चेष्टा करतेस ना? सांग, चेष्टा करतेस…

“पायरी घासली… हं… चांगले कप काढले… शेजारून खुर्ची आणली. एकच ना?… दोन! दुसरी कुणाला?… मला? अरे देवा. माझी खुर्चीसुद्धा मांडली त्यांनी.

“थांब, मला जरा खिडकीत टेकू दे.

“नाही गं, कार्यक्रमात नाही हे, ठरलं नाही काही. ऐक ना, ऐक. मागच्या ऑक्टोबरात रांगेत हात मिळवताना त्या बाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? लोक ‘आपले आभार’ म्हणतात, वाकतात. या म्हणाल्या, ‘तुमच्या हातमोज्याला भोक पडलंय.’… हो! सरळ! शेजारी उभ्या लॉर्डसाहेबांचा चेहरा असा झाला, जणू भोक त्यांच्याच डोक्याला पडलंय. आणि आमच्या राजकुमारी म्हणाल्या, ‘तीन आठवडे झाले, कुणी सांगेल तर शपथ!’ हेब्डनबाई म्हणाल्या, ‘द्या इकडे, विणून ठेवते. या बाजूला आलात की न्या. आणि चहा घ्या.’ यांनी काढून दिलाच की हातमोजा. म्हणाल्या, ‘येईनच.’

“अगं, पण ‘येईनच’ हे त्या दिवसाला चाळीस वेळा म्हणतात! मेंढ्यांच्या प्रदर्शनात म्हणतात, अग्निशामक दलात म्हणतात. त्याचा अर्थ ‘नमस्कार, पुढचे या’ एवढाच. अख्ख्या देशाला कळतं ते… हो, हेब्डनबाईंना नाही कळलं. ‘येईनच’ म्हणजे येणार, असं वाटलं त्यांना. आता बघ, यात चूक कुणाची म्हणायची!

“पत्र?… कुठलं पत्र?… खिडकीत लावलंय? चौकटीत घालून?… वाचून दाखव. नको, नको वाचूस. मला पाठ आहे. ‘आपले पत्र वाचून राजकुमारींना अतिशय आनंद झाला. त्या आपल्या भेटीची नेहमी आठवण काढतात.’ खाली माझी सही.

“हेब्डनबाईंनी लिहिलं होतं, लेटी. हातमोजा तयार आहे, बुधवारी इस्पितळाला येताय असं वर्तमानपत्रात वाचलं, तीनला किटली ठेवते. उपवास लागायच्या आदल्या दिवशी, पॅनकेकच्या मंगळवारी आलं ते. त्या दिवशी टेबलावर एकेचाळीस पत्रं होती. मी एकही राजकुमारींकडे नेलं नाही. सगळ्यांना तेच उत्तर दिलं. अतिशय आनंद, नेहमी आठवण… नाही, वाचलं नाही त्यांनी. दाखवलंच नाही तर वाचतील कशा?… तेच म्हणते मी! दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेताना मला ती एकेचाळीस पत्रं दिसायला लागली. तिथंच व्रत घेतलं, की ईस्टरपर्यंत एकही खोटा शब्द नाही. तोंडानं नाही, पत्रात नाही.

“हसू नकोस. साखर सोडली असती तर सुखी असते. परवा कुणीतरी विणलेली कोंबडी पाठवली, चहाच्या किटलीवर घालायची. ‘राजकुमारींना फार आवडली’ असं लिहायचं, तर आवडायला नको? मी ती घेऊन गेले. बघत बसल्या पाच मिनिटं. मग म्हणाल्या, ‘लिहा, हिची नजर मला आवडत नाही.’… लिहिलं! काय करणार?

“कोण हसतंय?… दुकानदार बल्मर? काय म्हणतो?… ‘हेब्डनबाई, राजा पण येतोय का, की तो भांडी घासायला थांबलाय?’ मेल्याची जीभच… आणि त्या काय म्हणाल्या?… ‘तिनं शब्द दिलाय.’ एवढंच?

“गल्लीत सगळे उभे आहेत?… खुर्च्या घेऊन? थंडीत?

“नाही, लेटी. नाही. ‘सर्दी झाली’ असं मी सांगणार नाही. झालेली नाही त्यांना सर्दी. घोड्यासारख्या ठणठणीत आहेत, चौऱ्याहत्तराव्या वर्षी… ‘कार्यक्रम भरगच्च आहे’ तर मुळीच नाही. कागद माझ्या हातात आहे. अडीच ते साडेतीन, विश्रांती. चार वीसची गाडी… मी सांगू त्यांना? कार्यक्रम आखणाऱ्या मेजर टॉलमॅशना विचारल्याशिवाय? त्यांच्या वहीत शिंकायलासुद्धा वेळ लिहिलेली असते.

“ऐक, मी येते. मी एकटी. हेब्डनबाईंच्या समोर बसते आणि सांगते, की बाई, पत्र मी लिहिलं, खोटं लिहिलं. राजकुमारींना काही ठाऊक नाही… हो, माहीत आहे मला, बल्मरच्या तोंडाला कुलूप नाही लागणार त्यानं. म्हातारीची शोभा होईल ती होईलच. पण निदान माझ्या तोंडून… काय?… रडू नाही आलं, आवाजच असा आहे माझा. तू—

“मॅम!

“नाही, लेटी, तुला नाही. गप्प बस जरा.

“हो, मॅम. माझी बहीण, मॅम… स्कारविकहून… नाही, सगळं ठीक नाहीये, मॅम.

“हेब्डनबाई… हो, त्याच. भोक दाखवणाऱ्या… हो, तयार आहे म्हणे. त्यांनी तसं कळवलंही होतं… मला, मॅम. म्हणजे आपल्याला. मी दाखवलं नाही… हो. उत्तर गेलं… ‘अतिशय आनंद झाला’ असं… हो, मॅम. मीच… पॅनकेकच्या मंगळवारी… आज, मॅम. तीन वाजता… दोन खुर्च्या.

“लेटी? आहेस? हळू बोल, त्या पर्समध्ये काहीतरी शोधतायत… काय माहीत काय… अगं! हातमोजा. एकच. ऑक्टोबरपासून पर्समध्ये घेऊन फिरतायत, आणि मला पत्ता नाही!

“काय, मॅम?… बारा मैल. चाळीस मिनिटं, रस्ता अरुंद आहे… चार वीसची चुकेल, मॅम… हो, सहाची आहे… हो मॅम, तीही रुळांवरूनच जाते… मेजर? अजून चीज खातायत… मी इथंच थांबू? बरं… मेजरांनी विचारलं तर खरं सांगेन, मॅम. तेवढंच येतं मला सध्या… हळूहळू सांगू? म्हणजे किती हळू?… पहिल्यापासून. दांडीपासून. समजलं, मॅम.

“लेटी, ऐक. धावत जा. नको, धावू नकोस, बल्मरला कळेल. चालत जा आणि हेब्डनबाईंना एवढंच सांग, की किटली ठेवा… हो… हो… अगं, खरंच. मी खोटं बोलत नाही, माहीत आहे ना तुला? आणि दुसरी खुर्ची राहू दे. अंगरक्षक डग बसेल तिच्यावर, त्याला गोड आवडतं… आता ठेव. मेजरांची खुर्ची सरकली.”

ऑनरनं फोन बंद केला. खिडकीखाली, स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून, यजमानीणबाईंचा बागकामाचा जुना कोट अंगावर घालून राजकुमारी थिओडोरा बाहेर पडत होत्या. डगनं आपल्या छोट्या गाडीच्या पुढच्या सीटवरची कुत्र्याची चादर उचलली. त्या बसल्या. दार आवाज न करता लावून घेतलं. उजव्या हातात हातमोजा होता. डावा उघडा हात त्यांनी मांडीवर ठेवला, आणि गाडी फाटकातून समुद्राच्या बाजूला वळली.