खिडकीखालची तगर

जालना रोडवरच्या नर्सरीत माझ्यापुढं एक काका उभे होते. फाटकाशी थांबलेल्या रिक्षात त्यांची बायको बसली होती, मांडीवर दवाखान्याची पिशवी घेऊन.

"ताई, बारा महिने हिरवं राहील असं झाड द्या. पण उंच जाणारं नको," काका नर्सरीवालीला म्हणाले.

"किती उंच चालंल, काका?"

"गुडघ्याइतकं. खिडकीखाली लावायचंय. हिला पलंगावरून रस्ता दिसला पाहिजे."

"मग ही बुटकी तगर घ्या. वर जात नाय, आडवी पसरती. पांढरी फुलं येतात."

"कधी पसरंल?"

"नीट पाणी घातलं तर दोन वर्षांत खिडकीखालची सगळी जागा भरून टाकंल."

"दोन वर्षं?"

"व्हय."

"पसरलेलीच नाय का एखादी?"

"हाय ना, त्या मोठ्या कुंडीत. पण मोठं झाड हलवलं की लवकर जीव धरत नाय, काका."

"धरंल. मी बघतो ना. तीच द्या."

"अहो! लहान घ्या," रिक्षातून त्यांची बायको म्हणाली.

"अगं, दोन वर्षं लागतात म्हणती ती."

"ऐकलं मी."

"मग?"

"मोठं आणल्यावर मला बघायला काय राहिलं? लहान असलं की रोज उठून नवं पान आलं का बघीन."

"आन् पाणी? आपल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं."

"भाजी धुतलेलं घालायचं. भाजी तुम्हीच धुवायची, पाणी बी तुम्हीच घालायचं. आतापासनं सवय पडू द्या."