कासव म्हणालं, थांबा

सन्माननीय अध्यक्षा ब्राखाबाई किहीमकर, मंचावरचे पाहुणे कमांडर रफाएल झिराडकर, सत्कारमूर्ती हाईमकाका आणि अश्दोदमधल्या माझ्या वडीलधाऱ्या मंडळींनो, शालोम.

गौरवाचे शब्द आधीच्या वक्त्यांनी वापरून संपवले आहेत. मी घटना क्रमाने सांगते.

एक. चार वर्षांपूर्वी, जुलैत, नौदल पाण्याखाली सुरुंग उडवून आम्हा अभियंत्यांची पाणबुडी हुडकणारी उपकरणं तपासत होतं.

दोन. बोटीवर टेहळणीला हाईमकाका होते. त्यांना सुरुंगापाशी कासव दिसलं.

तीन. ते वायरलेसवर ओरडले, "येश त्साव!"

चार. चाचणी थांबली.

मुंबईहून इस्रायलला नुकत्याच आलेल्यांसाठी सांगते. हिब्रूत कासव म्हणजे त्साव आणि हुकूम म्हणजेही त्साव. लिहायला वेगळे, कानाला एकच. काका म्हणाले, "कासव आहे." कमांडरसाहेबांनी ऐकलं, "हुकूम आहे." शिस्तीचं नौदल. कासवासाठी थोडंच थांबणार?

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "हाईम, हुकूम कुणाचा?"

"तिचाच की, साहेब! पोटुशी बाय ती, अंडी घालायला किनाऱ्याला चाललेली."

"तिची सही कुठाय?"

साहेब हसताहेत, म्हणजे हे गुपित राहिलेलं नाही.

तोवर 'हुकमावरून थांबवलं' असं वर कळवून झालं होतं. चूक कबूल करण्यापेक्षा हुकूम पाळणं सोपं पडलं. तेव्हापासून कासव दिसो की डॉल्फिन, चाचणी थांबते. मध्ये एका नव्या अधिकाऱ्याला हे बंद करायचं होतं. पण नसलेला हुकूम रद्द कसा करणार? त्यांनीही तो निमूट पाळला.

मलकामावशी मला म्हणाल्या, "अगं, ज्याला खवलं नाही, जे कोशरच्या नियमाने आपल्या ताटात येत नाही, त्याचे एवढे लाड?" मावशी, आपण त्यांना खात नाही, पण सुरुंग कोशर पाळत नाही.

आता अडचण. काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस हवा असेल तर मूळ हुकूम दाखवा, असं कार्यालय म्हणतं. पुढची चाचणी बारा जूनला, ऐन अंडी घालण्याच्या दिवसांत. मी बसवलेलं उपकरण पाणबुडी ओळखतं. श्वास घ्यायला वर आलेलं कासव ओळखत नाही. त्याला माणसाचे डोळे लागतात.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. सत्काराच्या वेळी कामाचं बोलले आणि मराठीत कुठे अडखळले असेन, तर सांभाळून घ्या. कमांडरसाहेब, टेहळणीचा माणूस लेखी हुकमाने नेमणार की नाही, ते कृपया एक जूनपर्यंत मला कळवावं.