मंगळवारची मोजणी

मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर, तूच सांग — माशावर, मासेवाल्यावर, की तुमच्या कॉलेजच्या कागदावर? बस, त्या ओंडक्यावर बस. धूर तुझ्याकडेच येणार — भट्टी माझी आहे, वारा माझा नाही. हा मक्याचा उंडा, केंके, घे, मिरचीत बुडव आणि खा, उपाशीपोटी वही उघडू नये. अराबा ना नाव तुझं? मला सगळे एकुआ मावशी म्हणतात.

तुझ्याआधी डॉक्टर क्वान्सा आले होते — औषधाचे नव्हेत, पुस्तकाचे. बारा पोरं, पिवळे बूट. वर्षभर दर आठवड्याला आमच्या खाडीत उतरायचे, मासे धरायचे, मोजायचे आणि सोडून द्यायचे. सोडून गं! आमचा होडीवाला बेंतुम म्हणाला, "मावशी, ही माणसं भरलं ताट मोजून परत देतात." मग बदामाखाली सभा झाली, रंगीत तक्ता टांगला, आमच्या भाषेत समजावून सांगितलं — तुमची खाडी ठणठणीत आहे, चिलापी भरपूर आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तीन महिन्यांनी तोच तक्ता दाखवून सरकारी कचेरीनं अर्धी खाडी मिठाच्या कंपनीला दिली — एवढा मासा आहे, अर्ध्यात भागेल म्हणे. तो बांध दिसतो? त्याच्यापलीकडे चिलापी विणीला यायची. आता मीठ पिकतं. उरलेली अर्धीही मागतायत, आणि तुझ्या वहीवर ठरणार. म्हणून आलीस ना? ठाऊक आहे मला.

डॉक्टर मोजायला चुकले नाहीत हो, वार चुकला. मंगळवार. मंगळवारी खाडीदेवी विसावते — होडी नाही, जाळं नाही, पोरं ओरडत नाहीत — तर मासा पार पायाशी येऊन उभा राहतो. बुधवारी ये, चिखल आणि शिव्या मिळतील. डॉक्टरांनी पुजाऱ्याला दारूची बाटली दिली, मासे मारणार नाही म्हणाले, म्हणून त्या दिवशी उतरू दिलं. वर्षभर मंगळवारच मोजले! शेंबड्या पोरालाही कळतं — मग सांगितलं का नाही कुणी? अगं, पाहुणा विचारत नसला तर आपण कशाला... आणि वार त्यांना कुणी सुचवला, असं ना? — मीच. त्या दिवशी भट्टी थंड असते, मला सवड असते, म्हणून.

हसू नकोस. खरंच, सवड असते म्हणून. शाळा बघितली नाही मी, पण मासे धुरावून विकायचा धंदा कुमासी शहराहून माल घ्यायला येणाऱ्या बायकांकडून शिकले. त्या आल्या की टोपलीचा वरचा थर बघतच नाहीत, बोलत बोलत थेट तळाला हात. पहिल्या खेपेला मी वर वीतभर मासे लावले होते, खाली चुरा. त्यातल्या एकीनं चुरा मुठीत घेतला, माझ्या पदरात टाकला आणि पुढच्या बाईकडे गेली. डॉक्टरांनी मात्र वरचाच थर पाहिला. मी दाखवला तेवढा. मोठी चिलापी, भाजून, पानावर. "मावशी, असेच असतात का सगळे?" — असेच, म्हटलं. आणि अहवालात माझं नाव छापलं, जाणकार म्हणून —

अगं, ते गोणपाट राहू दे. तिकडं काही नाही, लाकडं आहेत. राहू दे म्हटलं ना —

उचललंसच.

बघ मग. टोपलीभर बोटाएवढी पिल्लं. मच्छरदाणीच्या जाळ्यातली. बेंतुम आणतो, मी घेते, मी नाही घेतलं तर दुसरी घेईल — असं मी स्वतःला दहा वर्षं सांगते आहे. डॉक्टर बुधवारी आले असते तर हे दिसलं असतं. ही बारीक जाळी बंद झाली असती, माझी भट्टीही. म्हणून मंगळवार. झालं? बांध कंपनीनं घातला, पण पहिली माती मी...

घे ती टोपली पुढ्यात. उद्या मंगळवार नाही, पहाटे खाडीवर जा, पण आधी ही मोज. तळापासून. एकही पिल्लू सोडू नकोस, दया म्हणून तर मुळीच नाही. कुणाच्या भट्टीवर सापडली तेही लिही. हिशोब खरा ठेव, पोरी — आणि मोजून झालं की जा, मला लाकडं घालायची आहेत.